दिवं लागलं, घरी ये

८ नोव्हेंबर २००९, रविवार
जिंकलो! पुणे एक, मुंबई शून्य. दौंडच्या शटल गाडीत बसून लिहितोय, अक्षर हलतंय. घसा गेला, तळहाताला फोड.
मुंबईच्या फुटबॉल क्लबात बॅकला आपला इरफान. दौंडचाच, आमच्या समोरच्या रेल्वे क्वार्टरमधला, सलीमचाचांचा मुलगा. सत्तर मिनिटं पठ्ठ्यानं एक बॉल पुढे जाऊ दिला नाही. मग मैदानावरचे मोठे दिवे लागले आणि मला त्याची आई आठवली, चाची. रोज संध्याकाळी पायरीवर येऊन त्याला हाक मारायची, "मुन्नाऽ, घरी ये रे, दिवं लागलं!" तीच हाक ढोलावर धरून बघितली. ताल पक्का बसला. दोनदा मी एकटा ओरडलो, तिसऱ्यांदा अख्खा स्टँड. मी मागं बघितलं तर इरफाननं मान वळवलेली. तेवढ्यात बॉल शेजारून गेला. गोल!
पोरांनी खांद्यावर घेतलं. "विजूभाऊ, लई भारी सुचलं राव."

९ नोव्हेंबर
लोको शेडमध्ये दिवसभर तोच विषय. घरी येऊन मंगलला तिखटमीठ लावून सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले.
"चाचीला जाऊन वर्ष तरी झालं का?"
नाही झालं. नऊ महिने. म्हटलं, खेळात चालतं हे सगळं. तर म्हणे, "मग काय चालतं ते चाचांना सांगून या की."
जेवण गेलं नाही.

११ नोव्हेंबर
सकाळी टाकीपाशी चाचा भेटले. नेहमीसारखं विचारलं, "काय विजू, ड्युटी का?" चेहऱ्यावर काहीच नाही. कदाचित कळलंच नसेल. देवा, कळू देऊ नको.

१३ नोव्हेंबर
कळलं काय, होतेच ते तिथं. शेडमधला भोसले सहज बोलून गेला, "चाचा बी आलतं की म्याचला. आपल्याच स्टँडात, वरच्या पायरीवं. पोरानं पास दिल्ता."
घोषणा देताना मी ढोल वाजवतो तो स्टँडकडे तोंड करून, मैदानाकडे पाठ. म्हणजे चाचा माझ्या समोरच बसले होते. मी हात वर करकरून लोकांना ओरडायला लावत होतो. त्यांनाही.

१५ नोव्हेंबर, रविवार
बालेवाडीला गेलो ते बंद करायलाच. सगळ्यांना गोळा करून सांगितलं, ती घोषणा द्यायची नाही. हसले. "आवो भाऊ, आता ती आपली वळख झालीया." आज गोव्याच्या बॅकला मुन्ना केलं. मुन्ना कोण, एकालाही माहीत नाही. ढोल तिथंच टाकून बाहेर आलो. गेटवरही स्वच्छ ऐकू येत होतं.

१९ नोव्हेंबर
इथं तरी खरं लिहावं. पुण्यासाठी नाही केलं मी ते. मुंबईच्या क्लबाच्या निवडीला आम्ही दोघं एकाच गाडीनं गेलो होतो. त्याला ठेवून घेतलं, मला दुपारीच परत पाठवलं. दहा वर्षं झाली. परवा तो मैदानात उभा होता, पहिला अर्धा तास छाती फुगली माझी. मग जळायला लागली.
आणि हेही. धाकट्या बहिणीच्या वेळी आई दवाखान्यात होती तेव्हा दोन महिने मी चाचीच्या हातचं खाल्लं. तेव्हा संध्याकाळची हाक दोन नावांची असायची. मुन्ना, विजू, घरी या रे.
स्टँडमध्ये ओरडताना मला हे आठवत होतं. आठवत होतं, तरी ओरडलो. नालायक.

२८ नोव्हेंबर, बकरीद
इरफान आलाय. दारापर्यंत दोनदा जाऊन परत फिरलो. तिसऱ्या वेळी त्यानंच पाहिलं. "ये विजूदादा, बस." चहा दिला. चाचा आतल्या खोलीत, बाहेर आले नाहीत.
बोललो एकदाचं. माझं चुकलं, माफ कर.
तो कपाकडे बघत होता. "शिव्या तर आमी रोजच खातो दादा, त्याचं काय न्हाई. पर तवा मला खरंच वाटलं, आई हाय. म्हनून वळलो."
मी उठलो तेव्हा म्हणाला, "आता तिचा आवाज आठवाया गेलं ना, तर तुझाच येतो."
चहा तसाच राहिला.

२९ नोव्हेंबर, रविवार
इरफान दुपारच्या गाडीनं मुंबईला गेला. शेडच्या कामानं मी स्टेशनातच होतो, खांबाआड थांबलो. डबा पुढं गेला तेव्हा बाहेर आलो.
पुण्याहून टोळक्याचा फोन. पुढच्या महिन्यात मुंबईत परतीची मॅच. कापडी फलक रंगवून झालाय, 'मुन्ना, घरी ये', हातभर अक्षरं. "तुमच्याबिगर न्हाई जमायचं भाऊ." हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जाऊन फलक फाडावा, का जाऊच नये?
संध्याकाळी क्वार्टर्सचे दिवे लागले. चाचा पायरीवर येऊन उभे. आमची पोरगी खाली अंगणात खेळत होती. मंगल दारात आली, हाक मारायला तोंड उघडलं आणि समोर चाचांकडे बघून मिटलं. चपला घातल्या, खाली गेली आणि पोरीचा हात धरून तिला वर घेऊन आली.