घरबसल्या हजेरी

२ फेब्रुवारी, रविवार
दुपारी जरा पडावं म्हटलं तर यांनी हाका मारमारून उठवलं. "अगं, ये की लवकर! अख्खा मोबाईल कॉम्प्युटरात घातलाय बघ." गेले डोळे चोळत. यांनी टायपिंग इन्स्टिट्यूट बंद केलं तेव्हा सगळं विकलं, एक कॉम्प्युटर तेवढा घरी आणलेला. त्याच्या पडद्यावर मोबाईल उभा, आणि त्यात मोबाईलचीच सगळी ॲपं. साखरेनं डोळे अधू झाल्यापासून फोनवरचं यांना दिसत नाही. इथं अक्षर हरभऱ्याएवढं. काल डायलिसिस झालंय, ताट उचलवत नाही, पण ही खटपट बरी जमली.
माझंही काम झालं म्हणा. शाळेच्या ॲपात (आम्हा शिक्षकांची हजेरीही त्यातच, शाळेत उभं राहून बटण दाबलं तरच लागते) पोरांची माहिती भरायची होती, अंगठ्यानं टाईप करून हात भरून येतो. माझ्या नावानं तिथंच लॉगिन केलं आणि कीबोर्डवर तासाभरात सगळं भरून टाकलं. पासवर्ड लक्षात ठेवू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. यांनी 'हो' दाबलं. मीही दाबू दिलं.
उद्या पहाटेची चंदगड गाडी, मग शनिवारपर्यंत शाळेच्या गावीच. पिशवी भरायची आहे.

५ फेब्रु., बुधवार
सकाळी सकाळी फोन. "तुमच्याकडं लई गारठा हाय. स्वेटर घाल." कोल्हापुरात बसून यांना कसं कळलं? तर त्या कॉम्प्युटरातल्या मोबाईलला आपण कुठं आहोत ते आपणच सांगायचं. नकाशावर आमच्या गावावर टिचकी मारली की तो स्वतःला चंदगड तालुक्यात समजतो आणि इथलं हवामान दाखवतो. "रोज सकाळी तुझ्या शाळेत जाऊन येतोय मी," म्हणाले. हसले मी. मग आठवलं, आज बुधवार.
डाय. बुध. आणि शनि. शनिवारी अर्धी शाळा करून निदान परत आणायला तरी पोचते. बुधवारी भावजी नेतात, दुकान बंद ठेवून. भावजी कधी कुरकुर करत नाहीत, त्याचंच जास्त ओझं वाटतं.
पतीच्या आजारावर बदलीचा अर्ज गेलाय. कागल मिळालं तरी चालेल, घरून जाऊन येऊन होईल. देसाई सर (आमचे मुख्याध्यापक, शाळेत आम्ही दोघंच) म्हणाले, "मॅडम, यंदा होणारच." मागच्या साली पण म्हणाले होते.

९ फेब्रु., रविवार
जेवताना यांनी विचारलं, रजा किती उरल्या. उरल्या कुठं. यापुढं बिनपगारी. हे भाकरी मोडता मोडता, "हितनंच लावता येईल की तुझी हजेरी. शाळेवर टिचकी मारायची, बटण दाबायचं. तू बस माझ्याजवळ."
मी म्हटलं, हे परत बोलायचं नाही.
"गंमत केली गं."
गंमत होती का? चेहऱ्यावरून कळलं नाही. आणि खरं लिहायचं तर क्षणभर मलाही वाटून गेलं, की काय हरकत...

११ फेब्रु., मंगळवार
उद्या गावदेवीची जत्रा. त्या दिवशी गावात कुणी कामाला हात लावत नाही. शेत नाही, दुकान नाही, कुलूप म्हणून उघडायचं नाही. मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी देसाई सर दरवर्षी याच दिवसाला ठेवतात. मी शाळा सुटल्यावर तशीच एस.टी.त बसले. जत्रेचं जेवण सोडून आले म्हणून घरमालकीण रुसली.
घरी आले तर हे पेंगत होते. "आलीस? आणि शाळा?" म्हटलं, सांगते मग. कंबर नुसती मोडली होती. सांगायचं राहिलं.

१२ फेब्रु., बुधवार
सकाळी निवांत डोक्यावरून पाणी घेतलं. दुपारी पहिल्यांदा बुधवारचं डायलिसिस मी केलं, म्हणजे शेजारी बसले. मशीन गरगरत होतं आणि माझा हात यांच्या हातात. सिस्टर म्हणाली, "आज काकू कशा काय?" तर हे केवढ्या रुबाबात, "माझ्यासाठी शाळा बुडवून आलीया!" शेजारच्या खाटेवरच्या पेशंटलाही ऐकू गेलं.
सुट्टी आहे असं मी सांगणार होते. पण इतका खुललेला चेहरा कितीतरी दिवसांनी पाहिला. राहू दे म्हटलं. कुणाचं काय बिघडतंय?

१७ फेब्रु., सोमवार
केंद्रप्रमुखांचा फोन. बारा तारखेला शाळा सुट्टीवर, पण ॲपात माझी एकटीची हजेरी. ठिकाण: शाळा. वेळ: सकाळची. "मॅडम, हे कसं?" मी म्हटलं ॲपचाच घोळ असणार. ते म्हणाले, असेल, पण वरून विचारणा आलीय, लेखी खुलासा द्या. बदलीची यादी वर चाललीय, तुमच्या नावापुढं हे नको.
देसाई सरांच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पाण्याला गेले तर एक म्हातारी वाट अडवून उभी. "बाई, देवीच्या दिवशी शाळा उघडलीसा व्हय? आता गावावर काय आलं म्हंजे?" नाही हो आजी, मी गावात नव्हतेच. "मग कंपुटर खोटं बोलतंय?"
जेवले नाही.

१८ फेब्रु., मंगळवार
सकाळी तोंड धुताना डोक्यात उजेड पडला. मी न्हाणीत होते तेव्हा हे कॉम्प्युटरपाशी होते.
फोन केला. विचारलं तर म्हणाले, "मला काय म्हाईत सुट्टी हाय? तुझी रजा वाचंल म्हटलं." मी वाट्टेल ते बोलले. आंधळ्यासारखं बटण दाबलंत, असं म्हणाले मी. डोळे गेलेल्या माणसाला हे बोलले मी. त्यांनी फोन ठेवला.
वर्गात पाढे घेतले. एका पोरीनं विचारलं, बाई, तुम्हाला सर्दी झालीया?

१९ फेब्रु., बुधवार
शिवजयंती, पण शाळेत कार्यक्रम, म्हणजे सुट्टी नाहीच. भावजींचा फोन, डाय. नीट झालं. यांचा नाही.

२३ फेब्रु., रविवार
कालपासून घरात मुक्यांचा कारभार. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलाय. आज चहा पिता पिता मीच विषय काढला.
खरं सांगावं तर माझा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात होता, आणि घरबसल्या माझी हजेरी लागते, हे कबूल करणं आलं. मग आधीची प्रत्येक हजेरी तपासतील. चौकशी संपेपर्यंत बदली विसरा. शाळेत गेले होते म्हणावं तर गाव तोंड बघणार नाही, आणि देवीच्या बाबतीत गाव खोटं खपवून घेत नाही. देसाई सरांनी तिसरी वाट काढलीय, "फोन बिघडलाय म्हणा मॅडम, मी सही करतो. त्या ॲपातलं वरच्यांना तरी काय कळतंय?" सगळ्यात सोपं तेच.
हे म्हणाले, "माझं नाव सांग. म्हाताऱ्यानं उद्योग केला म्हण."
"आणि बदली?"
त्यांनी कप खाली ठेवला. "तेच की. मी काय जन्माला पुरतोय का तुझ्या? खोटं बोल, पण हिकडं ये."
असं कधी बोलत नाहीत हे. मला रडू आलं, ते पाहून त्यांनाही. मग टॉवेलाकडं बघत हळूच म्हणाले, "म्हंजे त्या दिवशी तू माझ्यासाठी शाळा बुडवली नव्हतीसच की."
मी "नाही" म्हटलं. दुसरं काय म्हणणार. तेवढ्याला जो चेहरा उतरला, तो हजेरीच्या भानगडीतही उतरला नव्हता. आज सुट्टी आहे, एवढं एक वाक्य मी सिस्टरसमोर बोलले असते तर? पण हजेरी तर त्यांनी सकाळीच लावून टाकली होती. म्हणजे आदल्या रात्रीच सांगायला हवं होतं.

२५ फेब्रु., मंगळवार
गटशिक्षणाधिकारी साहेबांनी उद्या तालुक्याला बोलावलंय, समक्ष. उद्या बुधवार. देसाई सरांनी फोन बिघडल्याचा खुलासा स्वतःच लिहून आणला, अक्षर सुरेख आहे. माझी सही तेवढी बाकी. त्यांना म्हटलं, ठेवा, सकाळी बघू.
दिवेलागणीला यांचा फोन आला. भाजी काय केलीस, इकडचं तिकडचं. मग विचारलं, "एक सांग. सुट्टी नसती, तर आली असतीस त्या दिवशी?"
"आले असते," मी म्हटलं. लगेच म्हटलं.
ते बरं म्हणाले आणि फोन ठेवला. आवाजावरून पटलं असावं. मी मात्र तेव्हापासून इथंच बसून आहे, भात गार झालाय. त्याआधीच्या सगळ्या बुधवारी सुट्टी नव्हती आणि मी गेले नव्हते.