गोपिका कोण, याचा खुलासा

चि. सौ. सपना हिले,

आजेसासू अनुसयाबाईचा पोटभर आशीर्वाद, अन् हे पत्र लिवून राह्यले त्या मनोहररावचाही. (आपल्या गावचे निवृत्त ग्रामसेवक. तुले ठाऊक आहे, पण हुद्दा लिवल्याशिवाय त्याईचा पेन पुढं सरकत नाई.) त्याईनं वर सवयीनं आधी ‘गोपिका’ लिवलं होतं. म्या तो कागद फाडाले लावला. ते नाव आता जितकं कमी लिवलं तितकं बरं.

तुही तब्येत बरी असन. तिकडची थंडी हाडात शिरते म्हणतेत, तवा अद्रकाचा चहा घेत जाजो, अन् रात्रपाळी करून आली का उपाशी झोपू नको. माहा गुडघा बरा आहे, म्हंजे पहिले होता तितकाच वाईट आहे. फोन काऊन नाई केला म्हणशीन. फोन धीरजचा, अन् धीरज फोनच्या मागं उभा. नवऱ्यासमोर त्याच्या बायकोसंगं बोलाचं म्हंजे जेवली का, झोपली का, यापलीकडे जाताच येत नाई. अन् आजकालच्या फोनात तोंड दिसते. मले जे सांगाचं आहे ते तोंड दाखवून सांगण्यासारखं नाई.

तू तिथल्या व्हिसाच्या ऑफिसातून फोन केला तवा मी धीरजच्या दुकानातच बसली होती. (तळेगावच्या बाजारात मोटारी वाइंडिंगचं दुकान अजून तसंच आहे. फरक इतकाच, का आता तो तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता कानात घालून जर्मन शिकते, अन् गिऱ्हाइकाच्या जळालेल्या मोटारीले जर्मनमध्ये रामराम करते. मोटार काही बोलत नाई, पण गिऱ्हाईक भेते.) तू सांगून राह्यली होती, का फाईल घेऊन चार घंटे बसली. पगाराचा कागद दाखवला, विम्याचा दाखवला, दोन माणसाईले राहाले घरात किती जागा आहे त्याची मोजणी दाखवली. (तेवढ्या जागेत आपल्याकडे तुह्या लग्नात बारा पाहुणे झोपले होते, अन् वरून म्हणाले, लय मोकळं आहे.) फोटो काढला तं हासू नका म्हणाले. इथपर्यंत सगळं पास. मंग त्या खिडकीतल्या बाईनं आपला लग्नाचा दाखला वाचला, भाषांतर केलेला, शिक्का मारलेला, अन् लय अदबीनं तुले इचारलं, का हा धीरज तं गोपिका नावाच्या बाईचा नवरा आहे, ती बाई कुठं असते? फारकत झाली असन तं तो कागद आणा, नाई तं तिच्या मृत्यूचा दाखला आणा. तू म्हणाली, मीच गोपिका. तिनं पासपोर्ट पाह्यला. त्यात सपना. परक्या मुलखात, परक्या भाषेत, मागं एवढी लाइन, अन् तुले सांगा लागलं का माह्या नवऱ्याची दुसरी बायको कोणी नाई, ती मीच आहे. सव्वा वरसापासून तू एकटी राहून त्याले तिकडे न्याचे कागद जमवून राह्यली, अन् म्या तुले तुहीच सवत करून ठेवलं.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेले तुले पुन्हा बोलावलं. तवा दुरुस्तीचा नाई तं खुलाशाचा असल कागद हातात नसला तं फाईल बंद, अन् नवा नंबर आठ महिन्यानं. हे आइकून धीरजच्या हातातली तार सुटली. त्यानं ती उचलून पुन्हा गुंडाळली. मले रागावला असता तं बरं झालं असतं.

आता ही गोपिका आली कुठून ते सांगते. नवरी घरी आली का ताटात तांदूळ पसराचे अन् नवरदेवानं सोन्याच्या अंगठीनं तिचं नवं नाव त्याच्यात लिवाचं, ही आपली रीत. धीरजनं लिवलं. मले वाचता येत नाई, म्हणून म्या बाजूले उभ्या मनोहररावले इचारलं, काय लिवलं हो? ते म्हणाले, सपना. म्हंजे पोट्ट्यानं जुनंच नाव नवं म्हणून लिवलं, अन् तेही साऱ्या बायाईसमोर! म्या तळहातानं तांदूळ सारखे केले अन् म्हणलं, भटजीनं ग अक्षर काढलं आहे, गोपिका लिव. त्यानं तुह्याकडे पाह्यलं, मंग लिवलं. तू मान खाली घालून बसली होती. मले वाटलं, पोरगी लाजली. (ते लाजणं नव्हतं. तवा वाकून पाह्यलं असतं तं मले दिसलं असतं.)

तिथंच थांबती तं ते नाव हाका माराच्या कामापुरतं घरात राह्यलं असतं. पण दाखला काढाची येळ आली तवा तू सावंगीच्या दवाखान्यात ड्युटीवर, फॉर्मवर आधीच सही करून गेलेली. तुही सही म्हंजे दवाखान्याच्या चिठ्ठीवरचं अक्षर. त्यातून सपनाही निघते अन् गोपिकाही निघते. म्या तो फॉर्म घेऊन पंचायतीत गेली. मनोहरराव तवा नोकरीत होते. म्हणाले, “काकू, शाळेच्या दाखल्यावर सपना आहे.” म्या म्हणलं, “शाळा झाली तिची. आता संसार आहे. लिवा.” त्याईनं लिवलं. (इथं ते ‘अनवधानाने’ असा एक शब्द घुसवून राह्यले. म्या घुसवू देल्ला नाई. अवधान पुरं होतं, दोघाईचंही.) मंग तो कागद माह्या पेटीत, लुगड्याखाली. तू गेली ते तुह्या पासपोर्टावर, तुह्या नर्सिंगच्या कागदावर. त्यात माहा हात नव्हता, म्हणून सगळं सुरळीत झालं. धीरजनं आता दाखला काढून पाठवला तवा त्यालेही काही खटकलं नाई. चार वरसं माह्या तोंडून तेच नाव आइकलं त्यानं.

तू इचारशीन, आजी, असं काऊन केलं? रीतीचं नाव सांगून मोकळी झाली असती, पण रीत ताटातच संपली होती. पंचायतीत गेली ते माही जिद्द. तू शिकलेली, धीरजपेक्षा जास्त पगाराची, स्कुटीवर घरी येणारी अन् स्कुटीवरच जाणारी. या घरात चाळीस वरसं माहंच चालत आलं. मले वाटलं, ही पोरगी माह्यापासून काय घेईन? स्वयंपाकही तिले येते. तवा एक तं गोष्ट माह्या हातची तिच्या अंगावर राहो. दागिना देला असता तं बरं होतं, तो काढून ठेवता येते. बाई, मले लाज वाटते. पहिले लोकाईची वाटत होती, आता तुही वाटते. लोकाईची सोपी असते.

मंग मनोहरराव अन् मी निघालो, दोन गुन्हेगार एका एसटीत. (धीरजले संगं येऊ देल्लं नाई. त्याच्यासमोर शपथ घ्याले तोंड नव्हतं.) रस्त्यानं मनोहररावचं म्हणणं, का नाव दुरुस्त कराले सहा महिने लागतेत, मृत्यूचा दाखला आठ दिवसात भेटते, तवा गोपिकेले मारूनच टाकावं, तिकडची बाईही तेच मागून राह्यली. (हे मजाकमध्ये म्हणलं होतं असं लिवतो म्हणतेत. मजाक नव्हती. आजार कोणता लिवाचा तेही त्याईनं ठरवलं होतं.) म्या म्हणलं, एकदा तिचं नाव पुसलं, आता तिलेच पुसू का?

आष्टीले वकिलानं सांगतलं, का घरातल्या मोठ्या माणसानं शपथपत्र करून द्यावं, का सपना अन् गोपिका ही एकच बाई. घरात मोठी मीच. बाजाराचा दिवस, तहसिलात सारी ओळखीची गर्दी. बाबूनं कागद मोठ्यानं वाचला, कारण त्याले वाटलं मले आइकू कमी येते. ‘मी अनुसयाबाई शपथेवर लिहून देते की माझ्या आग्रहावरून...’ म्या इचारलं, बाबू, आग्रह म्हंजे? म्हणे, “हट्ट, आजी.” एवढ्या लोकाईत त्याले तो एकच शब्द सापडला. मागं भाजीवाली मनकर्णाबाई रेशनकार्डासाठी उभी होती. म्हणते कशी, “अवो, नावं तं आमच्यातही बदलतेत, पण सरकारले कोणी सांगत नाई!” सारे हासले. मीही हासली. न हासून करती काय.

मंग अंगठा. साठ वरसं निंदण करून माह्या अंगठ्याच्या रेघा मातीत गेल्या. मशीनवर ठेवला, नाई म्हणाली. पदरानं पुसून ठेवला, नाई. तेल लावून ठेवला, नाई. म्या तुले दोन बाया करून ठेवलं, अन् मशीननं मले एकही बाई धरलं नाई. तेवढ्यात बाबू सुट्टीवर गेला, म्हणून कागदाले उशीर होऊन राह्यला. तू धीर धरजो, आमची खटपट चालूच आहे.

तुही अपराधी आजेसासू,
अनुसयाबाई (अंगठा शाईचा आहे, लगेच उमटला)
लिहिणार: मनोहरराव, ग्रामसेवक (निवृत्त)

ता. क. भटजीनं ग अक्षर काढलंच नव्हतं. भटजी तवा जेवून राह्यला होता. गोपिका ही आपली म्हैस होती, धीरजचा बाप लहान होता तवाची. लय गरीब, दोन्ही येळ भरून दूध देणारी, अन् उलटून कधी शिंग उगारलं नाई. मले वाटलं, गुणाचं नाव आहे. हे तिकडच्या बाईले सांगू नको, नाई तं ते म्हशीचाही दाखला मागन.

आणखी ता. क. मनोहरराव पेन खाली ठेवून बसले. म्हणतेत, काकू, खरं सांगतल्याशिवाय मी पत्ता लिवणार नाई. तं सांगते. चौथ्यांदा अंगठा लागला होता. बाबू सुट्टीवर गेला नाई. कागद त्याच दिवशी शिक्क्यासकट हाती आला, अन् म्या तो पेटीत टाकला, त्याले आज तेरा दिवस झाले. धीरज रोज इचारते, आजी, झालं का? मी म्हणते, बाबू सुट्टीवर. मायबाप गेले तवा तो तिसरीत होता, तवापासून माह्याजवळ आहे. हा कागद निघाला का त्याच्यामागं तो निघाला. मले दोघाईचा स्वयंपाक येते, एकीच्या जेवणाचं माप मले माहीत नाई. एवढंच कारण. म्या लय शोधलं, पण याच्यापेक्षा मोठं सापडलं नाई. काल त्यानं दुकानातून तुले फोन लावला. तू ड्युटीवर असशीन, उचलला नाई. वाजून बंद झाल्यावरही तो फोन कानाले धरून बसला होता. ते पाहून मी घरी आली अन् पेटी उघडली.

कागद या पत्राच्या आत आहे. मनोहरराव आजच तळेगावहून कुरिअर करतेत, पाच तारखेच्या आत पोचते म्हणतेत. (वरचं ते ‘उशीर होऊन राह्यला’ पुन्हा लिवाले त्याईचा हात दुखते. तेवढं नसल्यासारखं वाचजो.)

आता माही खरी विनंती. त्या कागदावर वरच्या कोपऱ्यात तारीख असते म्हणे. मले काय ठाऊक! मनोहररावनं आत्ता सांगतलं. ती तिकडच्या बाईले दाखवजो, धीरजले दाखवू नको. तो तिकडे आला, हातपाय धुवून बसला, तुह्या हातचं पोटभर जेवला, का मंग सांगजो, का आजीनं तुले तेरा दिवस जास्त ठेवून घेतलं. हासला तं मनोहररावच्या फोनवर तवाच फोन लावजो. रागावला तरी लावजो.