पिंपावरचा महापौर

कॉपर फोर्क, ४ सप्टेंबर १८८१

ति. थेकलाताईस सा. न.

शिडीवरून उतरून लिहितोय, कागदाला रंग लागेल. शिडीखालीच महापौर प्रुइट उभे आहेत. त्यांच्या नव्या नाटकघराचा पडदा रंगवायचं काम माझ्याकडे आलंय: बारा वर्षांपूर्वीचा आपला रस्ता, आणि मधोमध ते. रोज बिअर आणतात, कलावंतांना जपलं पाहिजे म्हणतात. मी तुझ्या ऑस्करचा मेहुणा, हे त्यांना ठाऊक नाही. शिडी त्यांच्या अंगावर लोटून द्यावी म्हणतो. तुझं काय मत?

तुझा,
आन्सेल्म

सेंट लुईस, १५ सप्टेंबर

चि. आन्सेल्म यास आशीर्वाद.

शिडी लोटू नकोस. तुझा नेम लहानपणापासून वाईट.

तू तेव्हा शाळेत होतास, तुला सगळं सांगितलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वीच्या त्या आगीच्या दिवशी ऑस्करचा बंब आधी पोचला. प्रुइट दुसऱ्या बंबाचा पुढारी. पहिलं पाणी मारायचा मान आपल्याच बंबाला मिळावा म्हणून त्याने रस्त्यातल्या नळावर पिंप पालथं घातलं आणि वर बसला. दोन्हीकडचे एरवीही असंच करायचे, हसायचे. त्या दिवशी ऑस्कर माणसं काढायला आत शिरला होता. मी प्रुइटच्या पाया पडले. तो म्हणाला, "बाई, आमचा बंब येतोच आहे." ऑस्कर बाहेर आलाच नाही.

ज्वाळा काढू नकोस. ऑस्करला तर नकोच. फक्त प्रुइट, पिंपावर बसलेला. देखणा काढ. पायावर पाय. चेहऱ्यात कसूर नको.

गार हवेत गळपट्टा बांधत जा, नाहीतर माझ्याशी गाठ आहे.

तुझी ताई

कॉपर फोर्क, २ नोव्हेंबर

ति. ताईस सा. न.

मधला भाग शेवटपर्यंत झाकून ठेवला होता. तुमच्यासाठी गंमत, असं त्यांना सांगितलं होतं.

परवा पहिला प्रयोग झाला. पडदा दिसताच प्रुइट टाळ्या वाजवू लागले. दुसऱ्या कुणाच्या टाळ्या पडल्या नाहीत. मग ऑस्करच्या बंबावरचे जुने लोक उठले आणि टोप्या काढून उभे राहिले. दर अंकानंतर पडदा पडे, दर वेळी ते उठत. नाटक पाच अंकी होतं.

काल सकाळी प्रुइट एकटेच आले. मला तेवढं पुसून टाक, म्हणाले. मी म्हटलं, पाणी तुम्ही आणा. भर रस्त्यातून, लोकांदेखत, त्यांनी तीन बादल्या आणल्या. तिसरी खाली ठेवल्यावर मी सांगितलं की रंग तेलात कालवलाय, पाण्याने जात नाही.

माया आहेच, ती राहू दे.

आन्सेल्म