देवळातून आलेली पावलं

२५ ऑगस्ट, रविवार
सामान लागलं एकदाचं. गंगापूरहून टेम्पो निघाला तेव्हा आई रडेल असं वाटलं होतं, पण ती ड्रायव्हरशेजारी बसून त्यालाच रस्ता सांगत होती. फ्लॅट छान आहे. गॅलरीतून मुकुंदवाडीचं छोटं स्टेशन दिसतं, आणि चिकलठाण्याची माझी नवी कंपनी स्कूटीवर हाकेच्या अंतरावर. बाबा गेल्यापासून आई घासभर जेवते आणि भिंतीकडे बघत बसते. जागा बदलली की माणूस सावरतं, हा माझा हिशोब.

बघायला भिंतही भारी मिळाली आहे. हॉलमध्ये ओळीनं तीन मोठे फोटो आहेत, इजिप्तमधल्या कुठल्याशा पुरातन देवळाचे, तेही कागदावर नाही, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेले. पहिल्यात महाद्वार, दुसऱ्यात जाडजूड खांबांची रांग, तिसऱ्यात गाभाऱ्याचं काळंकुट्ट दार. पत्रा इतका चकचकीत की समोर उभं राहिलं तर आपणच त्या देवळात उभे दिसतो. घरमालक आप्पासाहेबांच्या मुलानं परदेशी जाण्याआधी हौसेनं लावलेले. ते काढायचे नाहीत, एवढीच त्यांची अट. मी म्हटलं, वेरूळ उशाशी असताना पोराला इजिप्त सुचलं, पिकतं तिथं विकत नाही. आप्पासाहेब हसले नाहीत.

१ सप्टेंबर, रविवार
द्वारकाबाई कामाला लागल्या. हात चलाख आहे, पण हॉल पुसताना फोटोंकडे चुकूनही बघत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "देऊळ हाय, पर आत देव दिसंना. रिकाम्या देवळाकडं लई बघू नाय, ताई." मी आईला त्यांची नक्कल करून दाखवली. आई हसली, कितीतरी महिन्यांनी.

९ सप्टेंबर, सोमवार
काकांचा फोन. आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे बाबा गेल्यावर ते घेऊन गेले होते, ते आता त्यांच्याकडेच राहतील. वहिनींच्या हातानं आता बरं दिसत नाही, म्हणे. लग्न होऊन आल्यापासून आईनं एक वर्ष चुकवलं नव्हतं. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि मुखवट्यांचा रिकामा डबा पुसत बसली. मला काकांचा इतका राग आला की पोळी करपली.

१० सप्टेंबर, मंगळवार
कंपनीतून आले तर हॉलमध्ये कुंकवाची पावलं. महालक्ष्म्यांना घरात आणताना उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत काढतात, तशीच. फक्त ही उंबऱ्यापासून नव्हती. पहिल्या फोटोखाली भिंतीच्या कडेला सुरू होऊन देव्हाऱ्याशी गेली होती. आई ओशाळून म्हणाली, बाहेर काढली असती तर शेजारणी बोलल्या असत्या. इथं आयतं देवळाचं दार आहे. मुखवटे नसले तर नसले, कुणीतरी येऊ दे घरात.

मी तिला मिठीच मारली. आणताना एकीनं "आली का?" विचारायचं आणि दुसरीनं "आली" म्हणायचं असतं. ते कसं केलंस, विचारलं, तर म्हणाली दोन्ही मीच म्हटलं. रात्री आई चक्क दोन भाकरी जेवली.

१२ सप्टेंबर, गुरुवार
आज घरोघरी महालक्ष्म्यांना निरोप. मुखवटे हलवायचे, ओटी भरायची, "पुन्हा या" म्हणायचं. पाहुणीला रिकाम्या हातानं धाडत नाहीत, हे आईचंच वाक्य. पण ती म्हणाली, राहू दे तिला थोडं. पावलं पुसायला वाकलेल्या द्वारकाबाईंना तिनं अडवलं. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "बोलावल्यालं वाटंला लावावं लागतंय, ताई. अन् आलंय कोण, ते तरी ठावं हाय का?" उद्यापासून त्या येणार नाहीत.

संध्याकाळी दुसऱ्या फोटोत खांबांमध्ये कुणी उभं दिसलं. माझंच प्रतिबिंब, म्हणून मी बाजूला सरकले. ते सरकलं नाही.

१५ सप्टेंबर, रविवार
आई पुन्हा जेवेनाशी झाली. स्वतःचं ताट पहिल्या फोटोखाली ठेवते. अन्न कमी होत नाही, पण घटकाभरात भात खड्यासारखा वाळतो, वरणाची खपली होते. मुंगीसुद्धा फिरकत नाही. आईचे हातही तसेच झालेत, सुरकुतलेले, कोरडे.

आज कबूल केलं तिनं. त्या दिवशी "आली का" तिनं विचारलं होतं. उत्तर तिनं दिलं नव्हतं.

तिन्ही फोटोंत आता कुणी दिसत नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

१६ सप्टेंबर
पहिला फोटो पेचकसानं उचकटायला गेले. मागून वाळू सांडली. बारीक, गरम. हॉलभर. आई ओरडली, दार मोडू नकोस, ती जाईल कुठून?

खरं आहे. तिला जायला दार हवं.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी
आज सगळ्यांचे देव जातात. दुपारपासून ढोल. हिलाही धाडायचं ठरवलं. ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ. फोटोखाली ठेवली. अक्षता टाकल्या. आई आत झोपली होती. हात जोडले आणि सवयीनं तोंडातून गेलं, पुन्हा या.

जीभ चावली. पण गेलं होतं.

संध्याकाळ —
ओटी तशीच आहे. आई नाही.
बाहेरच्या दाराला आतून कडी आहे. मीच लावलेली. कुंकवाची पावलं देव्हाऱ्याकडून भिंतीकडे वळली आहेत. शेजारी आणखी एक जोडी. आईची. डाव्या पायाची मुडपलेली करंगळी —
दुसऱ्या फोटोत तिची फिकट निळी साडी. पाठमोरी. हात कुणीतरी धरलाय. कोण, ते खांबाआड —

रिकाम्या हातानं धाडत नाहीत. मी ओटी ठेवली. तिनं आईला नेलं.

१८ सप्टेंबर
आप्पासाहेबांना फोन केला. मुलगा कुठल्या देशात आहे, विचारलं. त्यांनी आधी फोटो जागेवर आहेत ना, ते विचारलं. मग म्हणाले, पासपोर्ट घरीच आहे त्याचा. फोटो काढू नका, पोरी. काढले तर तो परत कुठून येणार.

आई तिसऱ्या फोटोत. दाराशी. एवढीशी.
हाक मारली. वळली नाही.

१९ —
साडी दिसत नाही. दार नुसतं काळं.
मी कुठं जाऊ. ती आली तर घरात कुणी हवं —

२० —
सकाळी फरशीवर वाळूची पावलं. भिंतीकडून इकडे. देव्हाऱ्याकडे नाहीत, माझ्या खोलीकडे. मुडपलेली करंगळी. आईचीच.
आणि मागं दुसरी. लांब. बोटं नसलेली —

मीच म्हटलं होतं, पुन्हा या.

घंटी वाजतेय. आपलीच, देव्हाऱ्यातली. खोलीच्या दारापलीकडून कुणीतरी विचारतंय, आली का?
उत्तर द्यायचं नाही. कुणी उत्तर दिलं नाही तर आत येता येत नाही. द्यायचं नाही.
पण आवाज आईचा आहे. दमलाय. तहान लागल्यासारखा. पुन्हा विचारतेय, पद्मजा, आली का गं?
आई, मी
आ —