लाल पट्टीचा भाग

शिरूर,
४ ऑगस्ट २०२४

ती. दाजींना शंकरचा सविनय जयभीम.

सहावा भाग काल संपला. सहाही भाग याच पार्सलात परत पाठवतोय. तुम्हा इंजिनवाल्यांची रीत भारीच. एका कादंबरीचे सात तुकडे करायचे, रनिंग रूममध्ये आराम करताना एकेक वाचायचा आन् पुढच्या ड्रायव्हरच्या हवाली करायचा. त्यात कव्हर कुठल्या मुक्कामी राहिलं कोण जाणे. नाव न्हाई, लेखक न्हाई, तरी मी अडकलो.

शाळा सुटल्यापासून ड्रॉइंग आन् लाईटबिल सोडून मी काही वाचलं नव्हतं. लहानपणी भेळीचा कागदसुद्धा सोडत नव्हतो, हे आक्का सांगेल. पुढं रांजणगावात हेल्पर झालो, मग स्वतःचं वेल्डिंगचं शेड टाकलं, त्यात कवा जमायचं? आता दवाखान्यातून घशाच्या गाठीला विजेचा शेक घेऊन आलो की अन्न उतरत न्हाई, पण पानं उतरतात. मोबाईल कपाटात टाकलाय. जो तो नवा काढा पाठवतो.

घरच्यांना वाटतं, आप्पा पुस्तकात गर्क. पण कान शाबूत आहेत. शेजारच्या खोलीत आमचा सुमित शेडला गिऱ्हाईक बघतोय. म्हणे, आवाज गेल्यावर आप्पा ऑर्डरी कशा आणणार? भिंती माझ्याच कमाईच्या, पण जरा पातळ बांधल्या.

एकवीसला ऑपरेशन. आवाजाची पेटीच काढणार. उठलो तर उठलो. म्हणून त्याआधी सातवा भाग पाठवा. मुलगी रागावून नदीपलीकडं गेली, पूल झाल्यावर नावाड्याला कुणी विचारीना, तरी म्हातारा तिला आणायला भर पुरात नाव घालतो, आन् तुमचा सहावा भाग तिथंच संपतो. माणसाला असं मध्यधारेत सोडतात व्हय?

लोभ आहेच, तो सातव्या भागासोबत टपालात टाका.

तुमचा,
शंकर


दौंड,
९ ऑगस्ट २०२४

प्रिय शंकरराव, सप्रेम जयभीम.

पत्र वाचून हसलो. सुमितच्या ओळीपाशी हसू थांबलं.

सातवा भाग मिळणार नाही. आधीच्या सहांना हिरवी पट्टी बांधली होती, याला लाल बांधलीय, जुन्या झेंडीच्या कापडाची. लाल दिसली की थांबायचं, एवढं तरी रेल्वेवाल्याच्या मेहुण्याला कळावं. हा भाग माझ्या उशाखाली आहे. ऑपरेशन उरका, स्वतःच्या पायांनी दौंडला या आणि घेऊन जा. शेवट आधीच कळला, तर टेबलावरून उठायची घाई कशाला कराल?

आमच्याकडं ही एकच प्रत, ती वाचलेले बाकीचे ड्रायव्हर एकेक करून गेले, आणि शेवट आता फक्त मला ठाऊक. तुमच्या आक्कालाही सांगितलेला नाही. तिला पुस्तकांचा रागच आहे. म्हणते, गाडीवरून उतरला तरी माणूस घरात नसतो.

आवाजाचं म्हणाल, तर आजवर तुम्ही बोललात आणि आम्ही ऐकलं. आता तुम्ही लिहा, आम्ही वाचू. त्यातही तुम्ही गप्प बसणार नाही, याची खात्री आहे.

दाराकडं लक्ष ठेवून,
तुमचा महेंद्र


दौंड,
८ सप्टेंबर २०२४

चि. शंकरला आक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत तुला कळवू नको, असं मीच सुमितला बजावलं होतं. त्याच्यावर रागावू नको. तुझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी हे दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत.

यांच्या उशाखाली पानांचा एक गठ्ठा होता, लाल चिंधी बांधलेला. शेवटी शेवटी रोज हात लावून बघायचे. जन्मभर मी यांच्या वाचण्यावर चिडले. म्हटलं, आता तरी अडवू नये. बुद्धवंदना झाल्यावर तो यांच्या छातीवर ठेवला आणि यांच्याबरोबर जाऊ दिला.

घर खायला उठतं. तू परत पाठवलेले भाग कपाटात दिसले, म्हणून वाचायला घेतले. असं असतं होय रे ते? दोनदा भात करपला. काल सहावा संपला, नावाडी पुरात. पुढं काय, ते यांना विचारायला मी उठलेसुद्धा, आणि मग खाटेकडं बघून खाली बसले.

सातवा यांनी तुलाच दिला असणार. तो लवकर धाड. सध्या त्याच्याच आशेवर दिवस ढकलतेय.

तब्येतीला जप. माया आहेच.

तुझी आक्का,
करुणा


शिरूर,
१४ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास शंकरचा जयभीम.

तुझं पत्र परत परत वाचलं. दाजींसाठी मला धड रडताही येत न्हाई. गळ्याच्या भोकातून नुसती हवा येते. सुमितनं शेडची किल्ली मागितली, देऊन टाकली. न्हाई म्हणायला तरी आवाज लागतो.

दाजींबरोबर तो गठ्ठा दिलास, ते बरोबरच केलंस. त्यांची पानं त्यांच्यासंगं गेली. त्यावर पुन्हा विचार करायचा न्हाई.

सातवा भाग माझ्याकडंच आहे. पण टपालानं मिळणार न्हाई, ही दाजींचीच अट हाय. महिनाभरानं स्वतः शिरूरला ये आन् घेऊन जा. तोवर रोज जेवत जा. पानं पार विरलीत, म्हणून माझ्या अक्षरात उतरवून ठेवतोय. हात वेल्डिंगचा, लिहायचा न्हाई. काल दिवसभरात नावाडी काही काठाला लागला न्हाई.

एक काम कर. मुलगी घर सोडताना बापाला काय बोलली, आन् म्हातारा तिला कुठल्या नावानं हाक मारायचा, ते सहाही भागांतून बघून जसंच्या तसं लिहून पाठव. उतरवताना लागतं.

घाई करू नको. मलाही करता येत न्हाई. लोभ राहू दे.

तुझा,
शंकर