जिन्यातला दिवा

आई, तुला वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. फक्त घरमालकिणीचा संशय येत होता. मी जिन्यात वाचत बसतो, तर तिने तिथे मोठा दिवा लावला. मग पायरीवर उशी आली. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. उगाच कोण कुणाला उशी देतं? मी जिन्यात बसणंच सोडलं.

काल तिनेच दार वाजवलं. "अरे, त्या नावाड्याचं पुढे काय झालं? दाराआडून रोज ऐकत होते. मला आता दिसत नाही रे."

तुला वाचून दाखवायची सवय, मोठ्यानेच वाचतो अजून! आभार म्हणून दोन प्रकरणं वाचली.

हे पत्र तुला कोण वाचून दाखवतंय? त्याला म्हणावं, पत्र संपलं तरी लगेच उठू नकोस.

तुझाच,
धाकटा