सगळ्यात जास्त सायटेशन

मंगळवार, संध्याकाळ

बढतीच्या मुलाखतीत संचालक खुशीत म्हणाले, "मॅडम, संस्थेत सगळ्यात जास्त सायटेशन तुमच्या यकृताच्या पेपरला!" मी हसले. का हसले? त्या पेपरचा उल्लेख करणारे बहुतेक जण एवढंच लिहितात, की हा निष्कर्ष आमच्या प्रयोगशाळेत मिळाला नाही. समितीतल्या एकानेही ते उल्लेख उघडून पाहिले नव्हते. माझं सगळं तरुणपण त्या कामात गेलं. सांगायला तोंड उघडलं, तोवर चहा आला.

घरी, लेकीची बढती म्हणून अण्णा दारातच उभे. "काय अक्का, मुलाखतीत स्वल्प हसलीस तरी का? नेहमी तोंड पाडून बसतेस."

"हसले, अण्णा."

"सरी, बरं! मग झालंच काम."

होईलच. नाकारलं असतं, तर निदान कुणीतरी वाचलंय असं वाटलं असतं.